एमबीबीएस कुठून केलं याचा नीट-पीजीच्या रँकवर किती परिणाम होतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एमबीबीएसच्या प्रवेशफेऱ्या सुरू झाल्या की पालक विचारतात आणि नीट-पीजीचा, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेचा, निकाल लागला की इंटर्न. प्रश्न फिरून फिरून तोच येतो: कॉलेज दुसरं असतं तर रँक दुसरी आली असती का? आमचं मत असं की कॉलेजच्या नावानं रँक फारशी हलत नाही. हातात आलेल्या रँकवर कोणत्या जागा मागता येतात ते मात्र कॉलेजमुळे बरंच ठरतं. तपशील खाली आहे. घाईत असाल तर प्रश्न ३ आणि प्रश्न १० एवढे तरी वाचा.

१. नीट-पीजीत कॉलेज पाहून गुण मिळतात का? मुंबईच्या केईएम किंवा पुण्याच्या बीजेच्या मुलांना काही वेगळा फायदा?

नाही. पेपर संगणकावर होतो आणि संगणकच तपासतो. २०० प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं तर १ वजा, एकूण ८००. २०२४ पासून पेपर पाच भागांत विभागलेला असतो: प्रत्येक भागात ४० प्रश्न आणि ४२ मिनिटं. वेळ संपली की मागच्या भागात परत जाता येत नाही. या सगळ्यात कुठेही कॉलेजचं नाव विचारात घेतलं जात नाही. परीक्षा घेणाऱ्या राष्ट्रीय आयुर्विज्ञान परीक्षा मंडळासाठी परळचा विद्यार्थी आणि नंदुरबारचा विद्यार्थी हे फक्त दोन रोल नंबर आहेत.

२. एमबीबीएसचे मार्क, डिस्टिंक्शन, गोल्ड मेडल यांचं वजन किती?

रँकेच्या गुणांत शून्य. हे सगळीकडे असंच असतं असं नाही. स्पेनच्या 'मीर' परीक्षेत विद्यापीठातल्या गुणांना १० टक्के वजन आहे. फ्रान्समध्ये २०२३-२४ पासूनच्या नव्या पद्धतीत लेखी परीक्षेला ६०, रुग्णासमोर द्यायच्या कौशल्य-परीक्षेला ३० आणि विद्यार्थ्याच्या एकूण वाटचालीला १० टक्के आहेत. आपल्याकडे सगळं त्या साडेतीन तासांवर. गोल्ड मेडल मिळालेली मुलगी आणि दोन विषयांत एटीकेटी लागलेला मुलगा त्या दिवशी एकाच रेषेवर उभे असतात. हे योग्य की अयोग्य यावर वाद होऊ शकतो. पण विद्यापीठाची परीक्षा कुठल्या कॉलेजात सोपी जाते आणि कुठे कठीण, ही भानगड त्यामुळे रँकेत येत नाही, एवढं मान्य करावं लागेल.

३. मग जुन्या सरकारी कॉलेजांचे निकाल दरवर्षी चांगले कसे लागतात? शिकवणं चांगलं आहे म्हणूनच ना?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, म्हणून उत्तर जरा लांबवतो.

ग्रँट (१८४५), नायर (१९२१), जीएस म्हणजे केईएम (१९२६), पुण्याचं बीजे (१९४६), नागपूरचं शासकीय (१९४७) यांच्या जागा नीट-यूजीच्या (बारावीनंतरच्या एमबीबीएस प्रवेशपरीक्षेच्या) यादीत वरच्या मुलांना मिळतात. म्हणजे पहिल्या दिवशी वर्गात बसलेला माणूसच बहुपर्यायी परीक्षेत तरबेज असतो. फिजिक्सचा पेपर वेळेत कसा संपवायचा, नकारात्मक गुण असताना अंदाज कधी मारायचा, सलग दोन वर्षं रोज दहा तास कसं बसायचं, हे तो बारावीतच शिकून आलेला असतो. साडेपाच वर्षांनी तोच माणूस तशाच धाटणीची दुसरी परीक्षा देतो आणि पुन्हा वर येतो. त्यातलं किती श्रेय कॉलेजचं आणि किती त्याचं स्वतःचं, हे नुसत्या निकालावरून सांगता येत नाही.

हे वेगळं काढायचं तर सारख्याच कुवतीची मुलं वेगवेगळ्या कॉलेजांत घालून पाहायला हवीत. तसं मुद्दाम कुणी करत नाही, पण महाराष्ट्रात ते अजाणता झालेलं आहे. २०२० पर्यंत आपल्याकडे ७०:३० चा प्रादेशिक कोटा होता. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असे तीन विभाग, आणि ७० टक्के जागा त्या त्या विभागातल्या मुलांना. त्यामुळे नीट-यूजीला सारखेच गुण असलेली दोन मुलं केवळ विभाग वेगळा म्हणून अगदी वेगळ्या कॉलेजांत गेली. या जोड्यांच्या पीजीच्या रँका शेजारी शेजारी मांडल्या तर कॉलेजचा खरा हिस्सा दिसेल. तशी मांडणी का करता येत नाही, ते प्रश्न ५ मध्ये आहे.

तोवर घरच्या घरी करता येण्यासारखी एक गोष्ट सांगतो. कोणत्याही कॉलेजच्या पीजी निकालाकडे पाहताना आधी त्या बॅचचा प्रवेशाचा कटऑफ पाहा. वरच्या कटऑफचं कॉलेज वरचा निकाल देत असेल तर त्यात नवल नाही. कटऑफ मधला असूनही निकाल सातत्यानं वरचा असेल, तर तिथे काहीतरी चांगलं चाललंय.

४. परदेशात याचा अभ्यास झाला आहे का?

झाला आहे. ब्रिटनमध्ये २००८ साली 'बीएमसी मेडिसिन' या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. तिथल्या एमआरसीपी या पदव्युत्तर परीक्षेत वेगवेगळ्या मेडिकल स्कूलचे पदवीधर कसे करतात हे त्यात तपासलं होतं. फरक ठळक होता. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि न्यूकॅसलचे विद्यार्थी पुढे होते. प्रवेशाआधीच्या गुणांचा हिशेब धरल्यावर फरकाचा बराचसा भाग गळून पडला, पण सगळा नाही. म्हणजे कॉलेजचा हिस्सा असतो, फक्त निकालाच्या तक्त्यात दिसतो त्यापेक्षा बराच लहान.

फ्रान्सचं उदाहरण वेगळ्या कारणानं उपयोगी आहे. तिथे २००४ पासून सगळ्या विद्यार्थ्यांना एकाच राष्ट्रीय क्रमवारीत लावून त्या क्रमानं शाखा आणि शहर निवडायला देत. पण मेडिकलला प्रवेश मिळायचा तो त्या त्या फॅकल्टीच्या स्थानिक स्पर्धेतून, त्यामुळे मुलं बहुधा आपल्याच भागात शिकायची. देशभरातली अव्वल मुलं एका कॉलेजात गोळा होण्याचं प्रमाण आपल्यापेक्षा कमी. तरीही फॅकल्टींच्या निकालांत तफावत राहिली आणि पॅरिसच्या फॅकल्टी वर दिसत आल्या. तेव्हा कॉलेजचा परिणाम शून्य आहे असंही कुणी समजू नये.

५. महाराष्ट्रातल्या कॉलेजांचा नीट-पीजीचा कॉलेजवार निकाल कुठे मिळेल?

अधिकृत असा कुठेच नाही. मंडळ रोल नंबर, गुण आणि रँक जाहीर करतं. विद्यार्थी कोणत्या कॉलेजचा हे त्यात नसतं. गंमत म्हणजे हेच मंडळ परदेशातून एमबीबीएस करून आलेल्यांची एफएमजीई परीक्षा घेतं, आणि तिच्या बाबतीत संस्थावार आकडे प्रसिद्ध झालेले आहेत. म्हणजे परदेशातल्या कॉलेजचा निकाल तुम्ही पाहू शकता, शेजारच्या जिल्ह्यातल्या कॉलेजचा नाही.

इंटरनेटवर फिरणारे 'टॉप कॉलेज'चे तक्ते एकतर क्लासच्या जाहिराती असतात किंवा माजी विद्यार्थ्यांनी व्हॉट्सॲपवर गोळा केलेली यादी. त्या यादीत चांगली रँक आलेले नाव कळवतात, बाकीचे गप्प बसतात.

६. कॉलेजच्या माहितीपत्रकात "आमचे ९५ टक्के विद्यार्थी नीट-पीजी क्वालिफाय" असं लिहिलंय. याचा अर्थ काय?

फारसा काही नाही. खुल्या प्रवर्गाला पात्रतेची नेहमीची रेषा ५० पर्सेंटाइल आहे, म्हणजे बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या वर. अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसींना ४०. परीक्षेला दोन लाखांहून जास्त डॉक्टर बसतात. त्यामुळे क्वालिफाय झालेला विद्यार्थी लाखाच्या आसपासच्या रँकवरही असू शकतो, आणि त्या रँकवर मेडिसिन, रेडिओ (रेडिओलॉजी), डर्मा (त्वचारोग) यांच्या सरकारी जागा खुल्या प्रवर्गातून मिळत नाहीत. जागा रिकाम्या राहिल्या की ही रेषा आणखी खाली येते. २०२३ मध्ये ती सगळ्या प्रवर्गांसाठी शून्य पर्सेंटाइलवर आणली होती, म्हणजे त्या वर्षी परीक्षेला बसलेला प्रत्येक जण अखेर क्वालिफायच होता.

विचारायचं ते असं: बॅच कितीची होती, त्यातले पहिल्याच प्रयत्नात पहिल्या दहा हजारांत किती, आणि ड्रॉप घेऊन (वर्षभर थांबून फक्त तयारी करून) आलेले किती? दीडशेच्या बॅचचे बारा आणि अडीचशेच्या बॅचचे पंधरा यांत पहिलं कॉलेज पुढे आहे, जाहिरात मात्र दुसऱ्याची मोठी दिसेल.

७. ठीक आहे, पण कॉलेज स्वतःहून काहीच फरक पाडत नाही असं तर नसेल?

पाडतं, पण लोक शोधतात त्या ठिकाणी नाही. लेक्चरमधून पीजीची तयारी फार थोड्यांची होते. ती ॲपवरच्या व्हिडिओंतून, क्यू-बँकेतून (प्रश्नसंचातून) आणि ग्रँड टेस्टमधून (पूर्ण सराव परीक्षेतून) होते, आणि ॲप सगळीकडे एकच. नंदुरबारच्या होस्टेलवर आणि परळच्या होस्टेलवर एकाच सरांची फार्मा (औषधशास्त्र) चालू असते. आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या परीक्षेत मुख्य भर लिहिण्यावर आणि प्रॅक्टिकलवर आहे, तेव्हा तिथे जीव काढून शिकवणारा विभागही नीट-पीजीच्या दृष्टीनं अर्ध्याच कामाचा ठरतो.

फरक पडतो तो दोन ठिकाणी. पहिलं म्हणजे आजूबाजूची माणसं. ज्या होस्टेलवर तिसऱ्या वर्षापासून रविवारी सकाळी पाच-सहा जण एकत्र ग्रँड टेस्ट देतात आणि संध्याकाळी चुकलेल्या प्रश्नांवर भांडतात, तिथे आळशी मुलगाही ओढला जातो. सीनियरनं "पॅथो (पॅथॉलॉजी) आत्ताच नीट कर, नंतर वेळ मिळत नाही" असं बजावलं तर ते पटतं. हेच डीननी ओरिएंटेशनला सांगितलं तर कुणी लिहूनही घेत नाही. जुन्या कॉलेजांचं खरं भांडवल हे आहे. दरवर्षी वरची रँक काढणारे सीनियर समोर दिसतात, त्यामुळे ती आपल्यालाही जमेल असं वाटतं.

दुसरं म्हणजे इंटर्नशिप. बारा महिन्यांतली कॅज्युअल्टी, सर्जरी आणि गायनॅकची पोस्टिंग मोठ्या सरकारी रुग्णालयात अंग मोडून काढतात. रक्ताचे नमुने घे, रिपोर्ट आण, सलाइन लाव, ट्रॉली ढकल, रात्री ड्रेसिंग कर. त्या पोस्टिंगमध्ये घरी येऊन पन्नास बहुपर्यायी प्रश्न सोडवणं म्हणजे पराक्रमच. छोट्या कॉलेजातल्या इंटर्नला तेवढ्याच काळात दुपारी लायब्ररी गाठता येते. प्रवेशाच्या वेळची गुणवत्ता मोठ्या कॉलेजच्या बाजूनं आणि शेवटच्या वर्षातला वेळ बऱ्याचदा छोट्या कॉलेजच्या बाजूनं, असं हे उलटसुलट गणित आहे.

८. म्हणजे इंटर्नशिप 'हलकी' असलेलं खासगी कॉलेज घ्यावं का? काही ठिकाणी जावंच लागत नाही म्हणे.

इंटर्न फक्त सहीपुरता ठेवायचा आणि वर्षभर क्लासला सोडायचा, असे प्रकार चालतात हे या क्षेत्रातल्या सगळ्यांना माहीत आहे. नियमाचं बाजूला ठेवू. त्या वर्षी इंट्युबेशन (श्वासनलिकेत नळी घालणं) पाहिलं नाही, प्रसूती केली नाही, तर पीजीच्या पहिल्या रात्री आयसीयूत उभं राहिल्यावर रँक मदतीला येत नाही. आणि खासगी कॉलेजची पाच वर्षांची फी एका मोकळ्या वर्षासाठी मोजायची, हा हिशेब आम्हाला तरी पटत नाही. रँकसाठी एक वर्ष द्यायचंच असेल तर इंटर्नशिपनंतरचा ड्रॉप स्वस्त पडतो आणि प्रामाणिकही आहे.

९. जिल्ह्यातल्या नव्या शासकीय कॉलेजात नंबर लागला आहे. प्राध्यापक पुरेसे नाहीत असं ऐकतो. रँकचं नुकसान होईल का?

ऑक्टोबर २०२४ मध्ये महाराष्ट्रात एकाच वेळी दहा शासकीय कॉलेजं सुरू झाली. गडचिरोली, वाशिम, हिंगोली, जालना ही त्यांतली. त्याआधी सिंधुदुर्ग, नंदुरबार, धाराशिव, अलिबाग, सातारा, परभणी. यांतल्या अगदी नव्या कॉलेजांच्या मुलांनी अजून नीट-पीजी दिलेलीच नाही, तेव्हा निकालावरून बोलण्यात अर्थ नाही.

रँकपुरतं बोलायचं तर प्राध्यापकांची कमतरता ॲप भरून काढतं, पण सीनियरांची कमतरता भरून निघत नाही (प्रश्न ७). पहिल्या दोन-तीन बॅचना स्वतःच वातावरण तयार करावं लागतं. जमल्यास जुन्या कॉलेजातल्या कुणाशी तरी जोडून घ्या, पाच-सात जणांचा गट करा आणि तिसऱ्या वर्षापासून वेळ लावून टेस्ट द्या. क्लिनिकल शिक्षणाचं नुकसान होऊ शकतं, तो वेगळा आणि जास्त गंभीर प्रश्न आहे. मात्र जिल्हा रुग्णालयाला जोडलेल्या कॉलेजात रुग्ण कमी नसतात. सर्पदंश, विषबाधा, अडलेली प्रसूती यांचा अनुभव शहरातल्या कित्येक खासगी कॉलेजांपेक्षा तिथे जास्त मिळतो, आणि चित्रं व प्रसंग देऊन विचारलेले प्रश्न सोडवताना पाहिलेला रुग्ण आठवतो. त्यानं दोन-चार प्रश्न जास्त सुटतील. त्याच्या भरवशावर क्यू-बँक सोडून देऊ नका.

१०. रँक कुठूनही सारखीच, मग कॉलेजचा विचार करायचाच कशाला?

कारण सारख्या रँकवर सारखी जागा मिळत नाही.

राज्यातल्या सरकारी कॉलेजांच्या पीजी जागांपैकी ५० टक्के अखिल भारतीय कोट्यात जातात. त्या दिल्लीची वैद्यकीय समुपदेशन समिती भरते आणि तिथे देशभरातले सगळे सारखे. अभिमत विद्यापीठांच्या जागाही तीच समिती भरते. उरलेल्या ५० टक्के राज्य कोट्याच्या. महाराष्ट्रात त्या राज्याचा प्रवेशपरीक्षा कक्ष, म्हणजे सीईटी कक्ष, भरतो. या दुसऱ्या अर्ध्यात एमबीबीएस कुठून केलं ते विचारलं जातं.

सर्वोच्च न्यायालयानं १९८४ च्या प्रदीप जैन खटल्यापासून भूमिका घेतली आहे की पदव्युत्तर पातळीवर रहिवासाच्या आधारावर आरक्षण नको, पण त्याच संस्थेतून शिकलेल्यांना मर्यादेत प्राधान्य देता येईल. २९ जानेवारी २०२५ रोजी तन्वी बहल खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठानं हेच पुन्हा ठामपणे सांगितलं. प्रकरण चंदीगडच्या शासकीय कॉलेजचं होतं. पीजीच्या राज्य कोट्यात केवळ अधिवासावर जागा राखून ठेवणं घटनेच्या अनुच्छेद १४ च्या विरुद्ध आहे, असा निकाल आला. आधी झालेले प्रवेश मात्र हलवले नाहीत.

व्यवहारात याचा अर्थ असा, की पीजीच्या वेळी "मी मूळचा साताऱ्याचा" यापेक्षा "मी महाराष्ट्रात एमबीबीएस केलं" हे जास्त कामाचं. आणि महाराष्ट्रात कॉलेजं भरपूर असल्यानं राज्य कोट्यातल्या क्लिनिकल (रुग्ण पाहणाऱ्या शाखांच्या) जागाही इतर अनेक राज्यांपेक्षा जास्त आहेत. बारावीनंतर राज्य निवडताना पालक हे क्वचितच लक्षात घेतात.

११. मुलगी महाराष्ट्राची रहिवासी, पण एमबीबीएस बेळगावला (किंवा मंगळूरला, इंदूरला) करते आहे. तिला महाराष्ट्राचा राज्य कोटा मिळेल?

गृहीत धरू नका. प्रश्न १० मधल्या निकालानंतर केवळ अधिवास दाखवून हक्क सांगणं कठीण झालं आहे, आणि राज्यं आपापले नियम दरवर्षी बदलतात. सीईटी कक्षाची त्या वर्षीची माहितीपुस्तिका उघडा आणि पात्रतेचं कलम स्वतः वाचा. एजंटाच्या सांगण्यावर जाऊ नका. अखिल भारतीय कोटा आणि अभिमत विद्यापीठं तिला खुली आहेतच. गोव्याच्या मुलांनीही हाच विचार करावा: तिथे वैद्यकीय महाविद्यालय बांबोळीचं एकच, राज्य कोट्याच्या जागा मोजक्या.

१२. रशिया, जॉर्जिया, किर्गिझस्तानहून एमबीबीएस केलं तर रँकवर परिणाम होतो का?

आधी एफएमजीई. ३०० प्रश्न, १५० बरोबर आले तर पास, वर्षातून दोनदा. बसलेल्यांपैकी निम्म्याहून खूप कमी पास होतात. पास होऊन भारतातली इंटर्नशिप आटोपली की नीट-पीजीला बाकीच्यांसारखेच. रँकेत कुठलाही भेदभाव नाही, पण तोवर एक-दोन वर्षं गेलेली असतात. राज्य कोट्याचं काय, यासाठी प्रश्न ११ चाच सल्ला. इथे एक जमेची बाजूही आहे: एफएमजीईची तयारी बरीचशी नीट-पीजीचीच तयारी असते, त्यामुळे पहिल्या फटक्यात चांगल्या गुणांनी पास झालेले पीजीलाही बरे करतात.

१३. एम्समधून एमबीबीएस केलेल्यांचं काय? त्यांची रँक तर आपोआप वर असणार.

एम्स, जिपमर, चंदीगडचं पीजीआय, निमहॅन्स यांच्या जागांसाठी २०२० च्या अखेरीपासून आयएनआय-सीईटी ही वेगळी परीक्षा वर्षातून दोनदा होते. ती कुणालाही देता येते. सेवाग्राम, मिरज, अंबाजोगाईची मुलंही देतात.

'आपोआप वर' याबद्दल एक जुना निकाल वाचण्यासारखा आहे. दिल्लीच्या एम्समध्ये पीजीच्या ३३ टक्के जागा स्वतःच्या पदवीधरांसाठी राखीव होत्या. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते आरक्षण रद्द केलं. कारण न्यायालयासमोर आलेल्या आकड्यांत बाहेरच्या उमेदवारांपेक्षा खूपच कमी गुण असलेल्यांना आतले म्हणून जागा मिळत होत्या. देशातल्या सर्वांत कठीण प्रवेशपरीक्षेतून आलेली ती मुलं होती. पीजीची जागा घरचीच आहे म्हटल्यावर अभ्यास सैल पडला असणार, असं आम्हाला वाटतं.

१४. एएफएमसीची मुलं या चर्चेत का दिसत नाहीत?

पुण्याच्या एएफएमसीतून, म्हणजे सशस्त्र दलांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून (१९४८), पदवी घेतलेल्यांवर सैन्यसेवेची जबाबदारी असते, आणि पीजीच्या जागा सशस्त्र दलांच्या वेगळ्या प्रक्रियेतून भरल्या जातात. परीक्षा नीट-पीजीच, पण पदवीनंतर लगेच सगळे बसत नाहीत. त्यामुळे त्यांची इतरांशी तुलना करू नये.

१५. सरकारी कॉलेजच्या बाँडमुळे रँक मागे पडते का?

बाँडचं, म्हणजे पदवीनंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेचं, वर्ष तयारीच्या ऐन काळात येतं, हे खरं. प्राथमिक आरोग्य केंद्रावर नेमणूक झाली तर कुठे दुपार मोकळी मिळते, कुठे श्वास घ्यायला फुरसत नसते. सगळं केंद्रावर अवलंबून. पीजीला आधी जाऊन बाँड नंतर करता येतो का आणि न केल्यास दंड किती, याचे नियम शासन निर्णयानं बदलत आले आहेत. तुमच्या प्रवेशाच्या वर्षी सही केलेला बाँडचा कागद घरात असेल, तो काढून वाचा.

१६. नेक्स्ट परीक्षा आली तर हे सगळं बदलेल का?

राष्ट्रीय वैद्यक आयोग कायदा, २०१९ मध्ये तिची तरतूद आहे. एमबीबीएसची शेवटची परीक्षा, प्रॅक्टिसचा परवाना आणि पीजीची रँक असं तिन्ही एकाच परीक्षेत. २०२३ मध्ये ती पुढे ढकलली गेली. ती लागू झाली तर एकाच बॅचची सगळी मुलं, ड्रॉप न घेता, एकच पेपर देतील. मग कॉलेजवार निकाल काढणं सोपं होईल, आणि प्रश्न ३ मधला हिशेब मांडायला पहिल्यांदा भरवशाचे आकडे मिळतील. अर्थात ते जाहीर केले तर. ज्या कॉलेजांच्या फिया गगनाला भिडल्या आहेत, त्यांना ते जाहीर व्हावेत असं वाटेल का, याबद्दल आम्हाला शंका आहे.

१७. मुलाला जुन्या कॉलेजात नको ती ब्रँच आणि नव्या कॉलेजात हवी ती ब्रँच मिळते आहे. कॉलेज की ब्रँच?

हा पीजीच्या पर्यायांचा प्रश्न झाला. रँक तर आता लागून गेली. तरी वरचेवर येतो म्हणून: आवडती ब्रँच घ्या, फक्त त्या विभागात महिन्याला किती केसेस होतात आणि सध्याच्या रेसिडेंटना (पीजी करणाऱ्या निवासी डॉक्टरांना) स्वतःच्या हातानं काय करायला मिळतं, हे तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटला फोन करून विचारा. रात्री अकरानंतर करा, त्याआधी तो उचलणार नाही.